डागडुजीचा हंगाम

ज्या वस्तूचा हंगाम असेल ती वस्तू त्या हंगामात विकत घेऊ नये, हे आमच्या साडूभाऊंचे अर्थशास्त्र असून, जिल्हा कोषागारात उभी हयात सरकारची पै न् पै सांभाळून सेवानिवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ते स्वतःच्या संसारात इतक्या निष्ठेने राबविले आहे की, त्यांच्या घरी छत्र्या संक्रांतीला येतात, लोकरीचे स्वेटर वैशाखात येतात, आणि हापूस आंबा मृगाचे दोनचार पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे आंबेवाला गिऱ्हाईक दिसताच पाटीसकट त्याच्या मागे धावू लागतो त्या सुमारास, प्रवेश करतो. यातले निम्मे आंबे फेकून द्यावे लागतात ही गोष्ट खरी. परंतु फेकलेल्या आंब्यांची किंमत ते ‘घट’ या स्वतंत्र सदराखाली दाखवीत असल्यामुळे खरेदीच्या सदराला तिचा उपसर्ग पोहोचत नाही.

अशा माणसाच्या मनात जेव्हा ग्रीस देशाची सहल करण्याचे आले, तेव्हा ती सहल जून महिन्यात होणार नाही हे सांगावयास ज्योतिषी नको होता. सांतोरिनी हे ज्वालामुखीचे बेट आणि अथेन्स ही पुरातन नगरी अशी जोडयात्रा माघाच्या ऐन थंडीत करावयाची, दोन साडू आणि दोन सख्ख्या बहिणी असा चौघांचा काफिला न्यावयाचा, आणि अथेन्सचे अक्रॉपोलिस नेमके अशा रविवारी गाठावयाचे की ज्या रविवारी तेथे कोणासही तिकीट पडत नाही, असा ठराव त्यांनी वडीलकीच्या अधिकाराने मांडला. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतील ठराविक रविवारी ग्रीक सरकार आपली प्राचीन स्थळे फुकट दाखविते, ही माहिती त्यांनी कोठून पैदा केली हे मला कळले नाही. पण सबंध सहलीची इमारत त्या एका रविवारच्या पायावर उभी होती, हे पुढे वारंवार प्रत्ययास आले. मेहुणीबाईंनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी, ठरावास अनुमोदन दिले. माझी आणि माझ्या पत्नीची संमती गृहीत धरण्यात आली.

या बेताला शास्त्राधार मुळीच नव्हता. आपल्याकडे चातुर्मासात प्रवास वर्ज्य मानून सीमोल्लंघनाला दसरा नेमून दिला आहे, हे एक वेळ सोडून देऊ. परंतु खुद्द ग्रीकांचा हेसिऑड नावाचा जो प्राचीन कवी, त्याने आपल्या भावाला उपदेश करताना दक्षिणायन लागल्यानंतरचे पन्नास दिवस काय ते समुद्रावर जाण्याला चांगले असे सांगून, हिवाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून घ्यावी, तिला चहूकडून दगडांचा आधार द्यावा आणि तिचे सुकाणू घरी नेऊन चुलीच्या धुरावर टांगून ठेवावे, इतक्या तपशिलात मनाई केलेली आहे. मी हे भीत भीत साडूभाऊंच्या कानावर घातले. “भाऊसाहेब,” ते म्हणाले, “तुमच्या त्या हेसिऑडला सवलतीचे तिकीट कोणी देऊ केले होते काय?”

पिरेअस बंदरातून सांतोरिनीकडे उन्हाळ्यात वेगवान होड्या धावतात. हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेक बांधून ठेवतात आणि मग उरते ते एक अजस्र, संथ, पोटात मालमोटारी भरून घेणारे जहाज, जे पहाटेच्या अंधारात निघून पारोस, नाक्सोस अशी बेटे घेत घेत सुमारे आठ तासांनी मुक्कामाला लागते. त्या जहाजावर हौसेने निघालेले असे आम्ही चौघेच होतो. बाकीचे सारे उतारू कामाचे होते. सिमेंट, लाद्या, रंगाचे डबे आणि भाजीपाला वाहणाऱ्या गाड्यांचे चालक बूट काढून ते बाकाखाली ओळीने मांडून, टोपी तोंडावर ओढून, जहाज हलण्यापूर्वीच घोरू लागले होते, आणि समुद्राने आपले खरे स्वरूप प्रकट केल्यानंतरही त्यांच्या घोरण्याच्या लयीत फरक पडला नाही. आमच्या समोर काळ्या वस्त्रांतील एक वयोवृद्ध ग्रीक बाई बसली होती. जहाज एका अंगावर कलले की ती छातीवर क्रुसाची खूण करी, आणि ते दुसऱ्या अंगावर कलले की आमच्या मेहुणीबाई रामरक्षेचा पुढला श्लोक घेत. अशा रीतीने दोन्ही बाजूंचा बंदोबस्त झाल्यामुळे जहाज सरळ चालले असावे. नाक्सोस गेल्यावर बाईने पिशवीतून तीळ लावलेले पावाचे एक कडे काढून मेहुणीबाईंपुढे धरले. मेहुणीबाईंनी आपल्या पिशवीतून संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या काढल्या. दोघींनी एकमेकींचे तीळ चाखले, माना डोलावल्या, आणि उरलेला सर्व वेळ, एकीला ग्रीकशिवाय आणि दुसरीला मराठीशिवाय एक अक्षरही न येता, सुनांविषयी बोलत होत्या असे माझ्या पत्नीचे खात्रीचे मत आहे.

आमच्या उतरण्याच्या जागेचे नाव मी सांगत नाही. कड्याच्या पोटात कोरलेली, पांढरीशुभ्र, कमानदार छताची ती खोली उन्हाळ्यात ज्या दराने जाते त्याच्या तिसऱ्या हिश्शाला ती आम्हांला मिळाली होती, आणि उरलेले दोन हिस्से कोठे गेले याचा उलगडा पहिल्या रात्रीच झाला. उन्हाळ्यात जो सच्छिद्र दगड खोली थंड ठेवतो, तोच दगड हिवाळ्यात पावसाचे पाणी पिऊन तृप्त होतो, आणि ती तृप्ती तो अंथरुणापर्यंत पोहोचवितो. पाणी तापविण्याचे काम सौर बंबावर सोपविलेले होते आणि सूर्यनारायण रजेवर होते. दरात न्याहारी अंतर्भूत होती, परंतु न्याहारी करणारी बाई हिवाळ्यापुरती अथेन्सला मुलाकडे गेली होती, मालकही अथेन्सलाच होते, आणि किल्ली कुंडीखाली होती.

दुसऱ्या दिवशी ज्वालामुखी पाहावयाचा म्हणून आम्ही कड्याच्या काठाशी आलो. सांतोरिनीची हकीकत अशी की, इसवी सनापूर्वी सुमारे सोळाशे वर्षे झालेल्या एका प्रचंड उद्रेकात बेटाचा मधला भाग उडाला व ढासळला, समुद्र आत शिरला, आणि अर्धवट खाऊन ताटात टाकलेल्या भाकरीसारखा जो काठ मागे राहिला त्याच्या, काही ठिकाणी तीनशे मीटर उंचीच्या, उभ्या कड्यावर फिरा, इमेरोविग्ली, इया ही गावे वसली. मधल्या अकरा किलोमीटर लांब आणि सात किलोमीटर रुंद जलाशयात काळ्या खडकाचे एक ठेंगणे बेट दिसते. त्याचे नाव नेआ कामेनी. ते १७०७ साली पाण्यातून डोके वर काढू लागले आणि १९५० साली शेवटचे धुमसले. उन्हाळ्यात तेथे होड्या नेतात व विवराच्या तोंडापर्यंत चढू देतात. आम्ही गेलो तेव्हा त्या होड्या किनाऱ्यावर पालथ्या घालून त्यांना रंग देण्याचे काम चालले होते.

“एवढाच?” साडूभाऊ त्या काळ्या ठिपक्याकडे पाहून म्हणाले. तो ज्वालामुखीचा केवळ शेंडेफळ मुलगा आहे, खरा ज्वालामुखी म्हणजे आपण ज्याच्या ओठावर उभे आहोत तो, असे मी समजावून सांगताच ते दोन पावले मागे सरले, आणि मग स्वतःला सावरून म्हणाले, “१७०७ म्हणजे औरंगजेब गेला ते साल.” सतराव्या-अठराव्या शतकातील जगाची कोणतीही घटना औरंगजेबाच्या आधाराशिवाय मराठी माणसाच्या ध्यानात राहत नाही, आणि राहावी अशी अपेक्षाही करू नये. मेहुणीबाईंनी मात्र तो आता पेटतो काय, एवढेच विचारले. अगदीच पेटत नाही असे म्हणवत नव्हते. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या परिसरात भूकंपाचे हजारो हादरे बसले आणि अकरा हजारांवर माणसे बेट सोडून गेली होती. पण हे मी बहिणींना बेट सोडल्यावर सांगितले.

खरे म्हणजे आमच्यासारख्यांनी ज्वालामुखी पाहावयास इतक्या दूर यावे यातच काही तरी विपरीत होते. सह्याद्रीच्या कड्यांपासून नागपूरच्या अलीकडेपलीकडेपर्यंत आमचा मुलूखच्या मुलूख लाव्ह्याच्या थरांवर वसला आहे. माझ्या घराचा पाया खणताना जो काळा कातळ सुरुंगालाही दाद देईना, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उकळत होता. वयाच्या मानाने पाहता सांतोरिनीच्या ज्वालामुखीनेच आमच्या दर्शनाला यावयास हवे होते. परंतु आमच्या ज्वालामुखीला समुद्रदर्शनी खोल्या नाहीत.

बेटावर वस्ती पंधरा हजारांच्या आसपास आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे तीस लाखांहून अधिक. तेव्हा ज्या कठड्यावर उन्हाळ्यात सूर्यास्त पाहण्याकरिता कोपर टेकण्यास जागा मिळत नाही, तो कठडा माघात कोणाच्या ताब्यात असतो हा प्रश्न स्वाभाविक आहे. तो गवंड्यांच्या ताब्यात असतो. इयाच्या ज्या चिंचोळ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांची चित्रे जगभर भिंतींवर लागलेली आहेत, त्या गल्ल्यांतून सकाळी सातापासून खेचरांची रांग खाली उतरे. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे एकेक पोते, गळ्यात घंटा, आणि मागून येणाऱ्या माणसाच्या एका हातात काठी व दुसऱ्या हातात कॉफीचा पेला. वाहन जाऊ शकत नाही तेथे सारी इमारत खेचराच्या पाठीवरून जाते, आणि ९ जुलै १९५६ च्या भूकंपात हे गाव जेव्हा जमीनदोस्त झाले, तेव्हाही ते असेच पोत्यापोत्याने पुन्हा उभे राहिले असणार. एका वळणावर एक म्हातारा गृहस्थ गुडघ्यांवर बसून फरशीच्या दगडांमधल्या सांध्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढीत होता. कुंचला बोटभर रुंद. दगडाला रंग लागला की तो अंगठ्याने पुसून घेई, आणि अंगठा पाटलोणीला पुसून घेई. पाटलोणीवरून त्याच्या नोकरीची वर्षे मोजता आली असती. आम्ही वाट सोडून उभे राहिलो तेव्हा त्याने वर न पाहता हातानेच आम्हांला पलीकडच्या, अजून न रंगविलेल्या, बाजूने जाण्याचा इशारा केला. त्या हिवाळ्यातल्या बेटावर सारी सत्ता त्या कुंचल्याची होती, आणि मला स्वतःला हे बेट तिथपासून आवडू लागले.

शेतातही हाच प्रकार. येथील द्राक्षवेल मांडवावर चढवीत नाहीत. वारा इतका दांडगा की मांडव उरणारच नाही, म्हणून वेलाच्या फांद्या जमिनीलगत गोल गोल गुंफून त्याची एक जिवंत टोपली करतात आणि द्राक्षे त्या टोपलीच्या आत, वाऱ्याकडे पाठ करून, पिकतात. या राखमिश्रित जमिनीत युरोपभरच्या द्राक्षमळ्यांचा नाश करणारी कीड जगत नाही, त्यामुळे येथले वेल कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. छाटणीचे दिवस होते. कमरेत वाकलेला एक शेतकरी कात्रीने काड्या छाटी, आणि ठेवावयाच्या काड्या कोवळ्या आहेत तोवर हलक्या हाताने वळवून जुन्या वेढ्यात खोवी. साडूभाऊ मूळचे नाशिकचे. त्यांनी बांधावरून बराच वेळ निरीक्षण करून, “आमच्याकडे याला कर्ज मंजूर झाले नसते,” असा अभिप्राय दिला. मांडव नाही, तारा नाहीत, म्हणजे तारण नाही.

जेवणाची एकच जागा उघडी सापडली आणि तेथे एकच पदार्थ तयार होता: ‘फावा’ नावाचा पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा, वर कच्चा कांदा आणि जैतुनाचे तेल. मेहुणीबाईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि उघडून बहिणीला म्हणाल्या, “अगं, ही तर आपली लाखोळी!” दोघींचे माहेर भंडाऱ्याचे, आणि भाताच्या बांधीत ओल असेतोवर लाखोळी फेकण्याचा तिकडे रिवाज. मी नंतर चौकशी केली तेव्हा बाईंची जीभ वनस्पतिशास्त्राला धरून निघाली: सांतोरिनीची ही मानाची डाळ लाखोळीच्याच कुळातील, तिची सख्खी बहीण. जी डाळ खाऊन पाय जातात म्हणून आमच्याकडे सरकारने वर्षानुवर्षे विक्रीस बंदी घातली, तिची बहीण येथे युरोपीय संघाचे संरक्षित नामाभिधान मिरवीत चांदीच्या चमच्याने खाल्ली जाते. मेहुणीबाईंनी खानावळवाल्याला खुणेने हिंग-मोहरीची फोडणी सुचविली. तो बराच वेळ विचार करून एक लिंबू घेऊन आला.

अक्रोतिरीचे उत्खनन हिवाळ्यातही उघडे असते, आणि सबंध सहलीत पैसे वसूल झाले असे साडूभाऊंनी ज्याच्याविषयी लेखी नोंदविले आहे असे ते एकमेव स्थळ. १९६७ साली स्पिरिदोन मारिनातोस यांनी ते खणावयास घेतले आणि राखेच्या जाड थराखाली गाडलेले, दोन-दोन, तीन-तीन मजली घरांचे, रस्त्यांचे, फरसबंद चौकांचे आणि माडीवरील शौचकूपापासून गल्लीतल्या गटारापर्यंत नळ घातलेले एक सबंध शहर वर आले. राखेखाली सापडून मेलेल्या माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. उद्रेकाच्या आधी मोठा भूकंप झाला, लोक पळाले, मग काही माणसे परत आली आणि त्यांनी पडझड आवरण्यास प्रारंभ केला, असे पुराव्यांवरून दिसते: ढिगारे रस्त्याच्या कडेला सारलेले, खाटा बाहेर काढून ठेवलेल्या. पुढे ज्वालामुखीने चाहूल देताच तीही माणसे निघून गेली. ज्या घराला उत्खननकार पश्चिमगृह म्हणतात, त्याच्या माडीवरील एका खोलीत दोन भांडी तशीच मिळाली. एकात वाळलेला गिलावा, दुसऱ्यात वाळलेला तांबडा रंग. भिंत रंगवावयास घेतली होती आणि रंगारी परत आलाच नाही. इयाच्या गल्लीत आज सकाळी पाहिलेला कुंचला मला तेथे तीन हजार सहाशे वर्षे आधी पुन्हा भेटला, आणि माझा कंठ किंचित दाटून आला. “याचा अर्थ,” शेजारून साडूभाऊ म्हणाले, “कंत्राटदाराचे अखेरचे देयक पास झालेले नसणार.”

त्यानंतर वारा सुटला.

ग्रीक बंदर खात्याचा एक नियम आहे: वारा ठराविक जोराच्या वर गेला की जहाजांना मनाई हुकूम बजावावयाचा, आणि मग तो उठेपर्यंत पिरेअसहून सुटणे नाही आणि बेटावरून निघणे नाही. असा हुकूम सुटला. आपला रविवार हातचा जातो आहे हे दिसत असतानाही साडूभाऊ त्या हुकुमाबद्दल एक शब्द वावगा बोलले नाहीत. कारण तो रीतसर होता, सक्षम अधिकाऱ्याने काढलेला होता, आणि त्यात अपवादाला जागा ठेवलेली नव्हती. बंदराच्या कचेरीवर लावलेल्या, अक्षरही न समजणाऱ्या त्या कागदाकडे ते आदराने पाहत उभे राहिले. जानेवारीच्या मध्यास ग्रीसमध्ये काही दिवस वारा अगदी पडतो व लख्ख ऊन पडते. खंड्या पक्षिणीला अंडी उबविता यावीत म्हणून देवाने ते दिवस नेमून दिले अशी जुनी कथा आहे. ते दिवस कधी येणार अशी पृच्छा खानावळवाल्याकडे केली असता ते येऊन गेल्याचे कळले. म्हणजे बिनहंगामातसुद्धा एक छोटा हंगाम असतो, आणि साडूभाऊंच्या अर्थशास्त्राने तोही टाळला होता.

अडकून पडलेल्या काळात फिरा गावचे संग्रहालय आम्ही पाठ केले. तेथे अक्रोतिरीच्या भिंतीवरची निळ्या वानरांची चित्रे आहेत, खडकावरून उड्या मारणारी. ग्रीसमध्ये वानर नाही, तेव्हा चित्रकाराने ते कोठे पाहिले असावे, यावर बरीच चर्चा झालेली असून अलीकडे काही संशोधकांनी शेपटीची ठेवण पाहून ही भारताकडची लंगूर वानरे असावीत असा तर्क मांडला आहे. माझ्या पत्नीला संशोधनाची गरज पडली नाही. वर्षानुवर्षे आमच्या गच्चीवरचे वाळवण राखलेले असल्यामुळे तिने शेपटी पाहताच, “ही आपल्याकडचीच मेली,” असा निर्वाळा दिला.

रविवार गेला. सोमवारी वारा पडला आणि आम्ही अथेन्सला आलो.

अथेन्सची पहिली ओळख मला संत्र्यांची झाली. हिवाळ्यात रस्त्याच्या दुतर्फा झाडे नारिंगी फळांनी लगडलेली असतात, फळे फरशीवर पडून फुटतात, आणि कोणी त्यांना हात लावीत नाही. एवढ्या फुकटच्या फळाकडे एवढे मोठे शहर पाठ फिरविते याचा अर्थ आमच्यापैकी तिघांना कळला. चौथ्यांनी एक फळ उचलून, सोलून, फोड तोंडात टाकली. ती कडू नारिंगे असून केवळ पाकात मुरविण्याच्या कामाची आहेत, हे त्यांच्या मुखावरून आम्हांला न विचारता समजले.

रोमन चौकाच्या काठाशी वाऱ्यांचा मनोरा म्हणून एक अष्टकोनी संगमरवरी इमारत दोन हजार वर्षे उभी आहे. आत पूर्वी जलघटिका होती, आणि बाहेर आठ दिशांचे आठ वारे पुरुषरूपाने कोरलेले आहेत. उत्तरेचा बोरेआस जाड अंगरखा पांघरून शंख फुंकतो आहे. ज्याने आमचा रविवार बुडविला तो हाच, असे साडूभाऊंना दाखविताच त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ, कोषागारात चुकीचे बिल घेऊन आलेल्या इसमाकडे पाहावे तसे, पाहिले. पुढे अक्रॉपोलिसच्या उतरणीवर अनाफिओतिका नावाची, वाटेत हात पसरला तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागतील अशी, पांढऱ्या घरांची वाडी लागते. एकोणिसाव्या शतकात अथेन्स नव्या राज्याची राजधानी झाल्यावर बांधकामाला म्हणून सांतोरिनीशेजारच्या अनाफी बेटावरचे गवंडी आणले गेले. दिवसा त्यांनी राजाची कामे केली आणि मोकळ्या वेळात डोंगराच्या कुशीत आपले बेट बांधून घेतले. बेटावर जे पाहून आलो ते सारे, तोच चुना आणि त्याच कुंड्या, येथे शहराच्या मध्यभागी पुन्हा होते.

अक्रॉपोलिसचे तिकीट माणशी तीस युरो. पूर्वी हिवाळ्यात ते निम्मे असे. ती सवलत २०२५ पासून बंद झाली आहे. खिडकीपाशी साडूभाऊंचा हात पाकिटापर्यंत जाऊन तेथेच राहिला. तेव्हा मी त्यांना कार्ल्याच्या लेण्याची आठवण दिली: तेथल्या चैत्यगृहातील कित्येक खांब धेनुकाकटाच्या यवनांनी दान दिले असे त्या खांबांवरच कोरलेले आहे, त्या यवनांच्या मूळ देशातील खांबांसाठी दोन हजार वर्षांनी आपण चार तिकिटे काढली तर हिशेब जुळता होतो. जुनी येणी-देणी हा विषय निघाल्यावर त्यांच्याने नाही म्हणवेना. त्यांनी पैसे भरले.

पार्थेनॉनभोवती परांची बांधलेली होती आणि बाजूला यारी उभी होती. चित्रात दाखवितात ते मंदिर पाहण्याची ज्यांना इच्छा असेल त्यांचा येथे हिरमोड होतो. आमच्या बाजूला एक गृहस्थ तसे बोलूनही दाखवीत होते. मला विचाराल तर त्या डोंगरावर पाहण्यासारखी गोष्ट ती परांचीच आहे. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये मंदिराचे काम सुरू झाले तेव्हा दगडांना दगड जोडणाऱ्या लोखंडी आकड्यांभोवती गवंड्यांनी शिसे ओतले, त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागले नाही. १६८७ च्या सप्टेंबरात, ज्या महिन्यात औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला त्याच महिन्यात, व्हेनिसच्या तोफेचा गोळा आत साठविलेल्या तुर्की दारूगोळ्यावर पडला आणि मंदिराचा मधला भाग उडाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बालानोस नावाच्या अभियंत्याने मोठ्या भक्तीने ते सांधावयास घेतले, पण आकडे शिशाविना बसविले. लोखंड गंजले, फुगले, आणि संगमरवर आतून फुटू लागला. आताची मंडळी दशकानुदशके काय करीत आहेत, तर बालानोसचा प्रत्येक आकडा शोधून काढीत आहेत, त्या जागी टायटॅनियमचा घालीत आहेत, आणि जेथे दगड अपुरा आहे तेथे पेंटेलीच्याच खाणीतला नवा तुकडा, जुन्याच्या फुटीला तंतोतंत बसेल असा घासून, जोडीत आहेत. नवा दगड पांढरा दिसतो, जुना मधाळ. एका खांबापाशी एक तरुण स्त्री छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन असा सांधा घासत होती. ती हातोडीचे दोन ठोके मारी, तळहाताने धूळ झटकी, डोळा दगडाला लावून पाही, आणि पुन्हा दोन ठोके मारी. आम्ही होतो तेवढ्या वेळात तिने किती दगड काढला असेल तो चिमटीत मावला असता. ज्यांनी बांधले त्यांना हे मंदिर पुरे करावयास, शिल्पे धरून, पंधरा वर्षे लागली; दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट लागत आहेत, आणि मला हे प्रमाण योग्य वाटते.

पायथ्याच्या संग्रहालयात एलगिनची हकीकत निघाली. तुर्की दरबारातील या ब्रिटिश वकिलाने १८०१ पासून पार्थेनॉनची शिल्पे उतरवून नेली, आणि १८१६ साली ब्रिटिश संसदेने ती पस्तीस हजार पौंडांना विकत घेतली; बहिणी-बहिणींसारख्या उभ्या असलेल्या सहा स्तंभकन्यांपैकी एक त्याच पायी लंडनला आहे. त्याचा आधार काय, तर सुलतानाच्या दरबारचे फर्मान. “फर्मान पाहू,” साडूभाऊ म्हणाले. मूळ तुर्की कागद उपलब्ध नाही आणि आहे ते इटालियन भाषांतर, हे ऐकून प्रथमच त्यांचा आवाज चढला. “मूळ दप्तरी नाही, नक्कल परभाषेतली, आणि तेवढ्यावर सबंध देवळाची उचल? अहो, असल्या कागदावर मी चपराशाचा प्रवासभत्ता मंजूर केला नसता!” भोवतालच्या ग्रीक मंडळींना शब्द कळले नसावेत, पण पक्ष कळला असावा; कारण एका पहारेकरीण बाईने, संग्रहालयात मोठ्याने बोलण्यास मनाई असूनही, त्यांना काही म्हटले नाही.

अक्रोतिरीच्या उत्तमातल्या उत्तम भिंती बेटावर नाहीत. त्या अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. रंगीत खडकांवर लाल लिलीची फुले आणि त्यांच्यावर चोचीला चोच भिडविणाऱ्या पाकोळ्या अशी तीन भिंतींची एक सबंध खोली तेथे उभी केली आहे, आणि तिच्यासमोर त्या दुपारी आम्ही चौघे आणि एक पेंगणारा पहारेकरी याखेरीज कोणी नव्हते. उन्हाळ्यात तेथे उभे राहावयास इतका वेळ मिळेल असे मला वाटत नाही. साडूभाऊंच्या सिद्धान्तातील मला पटलेला भाग हा एवढाच. उरलेला भाग आकड्यांनी खोटा पाडला आहे. अडकून पडल्यामुळे वाढलेले खोलीभाडे, चार तिकिटे, आणि फिरा येथे पत्नी व मेहुणी यांनी थंडीवर उपाय म्हणून घेतलेल्या दोन लोकरी शाली, ज्यांना त्या दिवसांत पुरा हंगामी भाव होता, हे सारे मिळवून सहल जूनच्या दरानेच पडली.

वाचकांपैकी कोणाचा असा विचार असेल तर त्यांनी बेट आधी करावे आणि शहर मागाहून. बेटावरून निघणे आणि मायदेशाचे विमान यांच्यामध्ये बोरेआससाठी दोन-तीन दिवस मोकळे सोडावेत. शाली घरूनच न्याव्यात, शक्य तर वैशाखात घेतलेल्या. आणि फुकटचा रविवार मिळाल्यास घ्यावा, पण अंदाजपत्रकात धरू नये.